योस्टच्या तब्येतीची चौकशी

ट्रॉय, मिशिगन
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय रत्नाताई,

नमस्कार. तुझं पत्र बुधवारी मिळालं. लिफाफ्यावर तुझं अक्षर बघून दीपा घाबरली. कागदावरचं पत्र हल्ली कुणीतरी गेल्यावरच येतं असा तिचा समज आहे. मी तिला समजावलं की ताईचा फोन इशिता सेट करते, सगळे पासवर्ड इशिताकडे असतात, त्यामुळे लेकीच्या लग्नाबद्दल आईला काही गुप्त विचारायचं असेल तर मराठीत कागदावर लिहिण्याशिवाय गत्यंतर नाही. तुझ्या लेकीला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, याचा असा फायदा होईल असं तिला इथे अमेरिकेत शनिवारच्या मराठी शाळेत कोंबताना तुला वाटलं नसेल.

इकडे आम्ही दोघं मजेत. टोमॅटो खूप आले, त्यातले निम्मे खारींनी खाल्ले. दीपाचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याहून जास्त कुरकुरते.

तर तू मला मुलाची चौकशी करायला सांगितली आहेस. साखरपुडा होऊन दोन महिने झाल्यावर चौकशी करणारी तू पहिलीच आई असशील. पण मी नोकरी करतो त्याच फुटबॉल क्लबात मुलगा खेळतो, इशिता गेल्या वर्षी सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी इथे होती तेव्हा मीच तिला मॅचचा पास दिला होता, म्हणजे हे लग्न माझ्याच पासमुळे ठरलं. तेव्हा चौकशीही मीच करायला हवी, हे कबूल.

नाव योस्ट हागेडोर्न. वय चौतीस. जर्मनीतल्या एका लहान गावचा. वडील घराघरांची धुराडी साफ करायचे, आणि हाही सव्वीस वर्षांचा होईपर्यंत तेच करत होता. नाक मुरडू नकोस. तिथे त्या कामाला परीक्षा आणि परवाना लागतो. शिवाय काळ्या कोटातला तो माणूस रस्त्यात दिसला तर लोक शुभ म्हणून त्याच्या पितळी बटणाला हात लावतात. योस्टने वडिलांच्या कोटाचं एक बटण जपून ठेवलंय. मॅचच्या आधी ते तो माझ्या हातात देतो आणि संपल्यावर परत घेतो.

पंधराव्या वर्षी एका मोठ्या क्लबाने त्याला 'पाय जड आहेत' म्हणून परत पाठवलं. मग अकरा वर्षं आठवडाभर छपरांवर आणि रविवारी गावच्या टीमकडून सातव्या दर्जाच्या लीगमध्ये. बघायला दोनशे माणसं, त्यातली निम्मी सॉसेज खायला आलेली. सव्विसाव्या वर्षी एका स्पर्धेत त्यांची गाठ व्यावसायिक टीमशी पडली. गावाने पाच-दोन मार खाल्ला, पण ते दोन्ही गोल याने डोक्याने केले. छपरांवर वावरून तोल असा सांभाळायला शिकला होता की हवेत तो इतरांपेक्षा जरा जास्त वेळ थांबतो. सत्ताविसाव्या वर्षी पहिला करार. एकोणतिसाव्या वर्षी तो दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये टीमचा सगळ्यात जास्त गोल करणारा. तेहेतिसाव्या वर्षी तिकडे कुणी लांबचा करार देईना, म्हणून इकडे आला.

बाकीचे सतराव्या वर्षी सुरुवात करतात. हा दहा वर्षं उशिरा आला. एखादी मॅच बाहेर बसायला लावलं की त्याला भरल्या ताटावरून उठवल्यासारखं वाटतं. 'मामा,' तो मला म्हणतो (इशिताने शिकवलंय), 'माझी खूप वर्षं शिल्लक आहेत. मी उशिरा सुरू केलं.'

दारू बेताची. सिगारेट नाही. आईला रोज फोन करतो. दीपाच्या हातचं वरण वाटीला तोंड लावून पितो.

तू लिहिलंयस, 'मला बाकी काही नको, तब्येत तेवढी नीट बघ.' का लिहिलंयस ते मला माहीत आहे. भाऊजींच्या हृदयाचं दुखणं स्थळ आणणाऱ्या सरलामावशीला लग्नाआधीच ठाऊक होतं आणि तरी तिने बाबांना 'मुलगा ठणठणीत' असं सांगितलं. भाऊजी गेले तेव्हा इशिता नऊ वर्षांची होती. मावशीच्या दहाव्यालाही तू गेली नाहीस, आणि मी तुला कधी दोष दिला नाही.

म्हणून लिहितो. हे तुला सांगणं आमच्या नियमात बसत नाही, पण त्याचे रिपोर्ट मी पाहिले आहेत. हृदय उत्तम. फुप्फुसं घोड्याची. गुडघे माझ्या बायकोपेक्षा चांगले. फेब्रुवारीतल्या डोक्याच्या टेस्टमध्ये मार्क थोडे कमी आहेत, पण त्यामागे एक गमतीदार किस्सा आहे, तो भेटल्यावर सांगेन.

मुलगा ठणठणीत आहे. निर्धास्त राहा.

तुझा,
विनय


ट्रॉय
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. घटाजवळ दीपाने धान्य पेरलंय, ते हाताएवढं वाढलंय. तुमच्याकडे कोण घट बसवतं? इशिता आरतीला थांबते का?

दोन आठवड्यांपूर्वी तू फोन केलास तेव्हा मी म्हणालो की ड्राइव्ह करतोय, नंतर बोलू. मी गॅरेजमध्ये उभा होतो. तू मॅच ऑनलाइन बघितली होतीस, आणि काय विचारणार ते मला माहीत होतं. उत्तर जरा नीट द्यावं म्हणून थांबलो, मग रोज एक दिवस मागे पडत गेला.

हो, तुला दिसलं ते खरं आहे. दोघे एकाच चेंडूसाठी उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. योस्ट काही सेकंद पालथा पडून होता. उठला, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं.

अशा वेळी काय करतात ते सांगतो, म्हणजे तुला धीर येईल. सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खेळाडूची कॉम्प्युटरवर एक टेस्ट होते. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, रंग दिसला की बटण दाबायचं. ते त्याचं नेहमीचं डोकं. नंतर डोक्याला मार लागला की तीच टेस्ट पुन्हा देतात आणि आधीच्या मार्कांशी ताडून बघतात. जुळले तर खेळायचं, कमी पडले तर घरी बसायचं. आमचा क्लब लहान आहे, एका माणसाकडे चार कामं. खेळाडूंच्या धावण्याची आकडेमोड करतो तसा ही टेस्टही मीच घेतो, आणि निकाल डॉक्टर बघतात.

योस्टचे मार्क पाचव्या दिवशी जुळले. डॉक्टरांनी त्याला पास केलं. कॉम्प्युटरला खोटं बोलता येत नाही.

गेल्या रविवारी तो जेवायला आला होता. घरात गॉगल घालून बसला, म्हणाला झोप झाली नाही. दीपाने चटणीसाठी मिक्सर लावला तसा उठला आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. मी काचेतून बघत होतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि डोळे मिटलेले. दहा मिनिटांनी हसत आत आला आणि दोन वेळा भात घेतला.

लग्नाची त्याला फार हौस आहे. सप्तपदीची सात पावलं चुकली तर काय, असं विचारत होता. मी म्हटलं, मोजायला गुरुजी असतात.

तू दोनदा अधोरेखित करून लिहिलंयस, 'तू स्वतः सांग, तो ठीक आहे का?' दीपा म्हणते सगळं लिही. लिहिण्यासारखं एवढंच आहे.

तो ठीक आहे, ताई.

विनय


ट्रॉय
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५, दुपार

ताई,

दिवाळीचा फराळ पोचला असेल. चकल्या मोडल्या असतील, त्याबद्दल दीपाने माफी मागितली आहे. माझ्या माफीचं कारण वेगळं आहे.

आधी दिवाळीतली गोष्ट. एकोणीस तारखेला रविवारी योस्टला फराळाला बोलावलं होतं. साडेबाराला आला, निळा कुर्ता घालून, हातात प्लमचा केक. त्याने तो स्वतः केला होता. एक आपल्यासाठी आणि एक टीमसाठी, असे दोन केक केले होते म्हणे. अनारसे त्याला आवडले नाहीत पण त्याने चार खाल्ले. दोनला गेला. साडेचारला पुन्हा बेल वाजली. दारात योस्ट उभा, तोच कुर्ता, हातात दुसरा केक. म्हणाला, 'हॅपी दिवाळी, मामा. मला उशीर तर झाला नाही ना?'

मला आधी चेष्टा वाटली. मी हसलो. तोही हसला, मला हसताना बघून. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. टेबलावर पहिला केक अर्धा कापलेला होता. ताई, त्या माणसाचा चेहरा मी तुला लिहून दाखवू शकत नाही. तो फक्त म्हणाला, 'इशिताला सांगू नका. प्लेऑफनंतर मी स्वतः सांगतो.'

मी 'बरं' म्हणालो.

दीपा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. 'डॉक्टरला सांग ना यार,' एवढंच म्हणते. 'मॅच कॅन्सल झाली तरी लग्न होतं.' मी म्हणतो, सांगतो.

आता तो किस्सा. भेटल्यावर सांगेन म्हटलेला.

खेळाडूंमध्ये एक जुनी लबाडी चालते. सीझनच्या आधीची ती टेस्ट मुद्दाम वाईट द्यायची. म्हणजे पुढे खरोखर डोकं बिघडलं तरी मार्क जुळतात आणि खेळायला मिळतं. कॉम्प्युटर हे ओळखतो. फारच वाईट दिली तर टेस्ट बाद करून पुन्हा घ्यायला सांगतो. फेब्रुवारीत योस्टची टेस्ट अशी बाद झाली. बिचाऱ्याने सगळंच चुकवलं होतं. माझं काम होतं डॉक्टरांना कळवायचं.

मी कळवलं नाही. मला हसू आलं. तुला आठवतं, धरमपेठेतल्या क्लासमध्ये मी चार वर्षं पोरांना एन्ट्रन्सची तयारी करून घ्यायचो. कोणते प्रश्न सोडायचे, किती चुका परवडतात, पेपर काढणाऱ्याच्या मनात काय असतं. ती खोड गेली नाही. मी योस्टला समोर बसवलं आणि सांगितलं की सगळीकडे नापास होणारा सापडतो. शब्दांत दोनच चूक. आकृत्यांमध्ये तीन, त्याही शेवटच्या. बटण एक श्वास घेऊन दाब. बाकीचं अचूक दे. कागदावर आकडे मांडून दाखवले. त्याने पुन्हा टेस्ट दिली आणि नेमके मी सांगितले तेवढे मार्क पाडले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आपला विद्यार्थी पास झाल्यावर व्हायचा तसा मला आनंद झाला.

का केलं? तो उशिरा आलेला विद्यार्थी होता म्हणून. मीही सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेल्यावर इथे नव्याने सुरुवात केली, तेव्हा मला कुणी आपणहून चार गोष्टी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्यांना वेळ कमी मिळतो त्यांना थोडी मदत करावी, असं मला मनापासून वाटलं. त्याला खरंच मार लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कॉम्प्युटरला खोटं बोलता येत नाही असं मी तुला लिहिलं होतं. मला येतं.

काल प्रॅक्टिसमध्ये गोलकीपरचा गुडघा त्याच्या कानशिलाला लागला. आज सकाळी मी टेस्ट घेतली. मार्क जुळले. माझ्यासमोर बसून दिली त्याने ती, एकेका शब्दासाठी कपाळाला हात लावत, आणि तरीही जुळले, कारण मी उंबरठाच तेवढा बुटका करून ठेवला होता. डॉक्टरांनी सही केली. मी टेबलाच्या पलीकडे होतो. सहीआधी मी त्यांना दिवाळीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, 'मी विचारते त्याला.' त्याने सांगितलं की टीमसाठीचा केक चुकून आमच्याकडे आणला. त्यांना ते पटलं, कारण आकडे त्याच्या बाजूने होते. एक वाक्य मी बोललो नाही. ते आकडे मी शिकवलेत, हे.

प्लेऑफची मॅच उद्या दुपारी चारला आहे. हे पत्र आज टाकलं तर तुला मंगळवारी मिळेल. तू विचारशील, विन्या, फोन का नाही केलास? तुझा नंबर लावायला मला दहा सेकंद लागतील. हे पत्र लिहायला मी दीड तास बसलोय. मंगळवारी तू वाचशील तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं असेल आणि मी म्हणू शकेन की मी तुला सांगितलं होतं.

सरलामावशीही अशीच बसली असेल का गं?

पोस्ट पाचला बंद होतं. मी


शनिवार, १ नोव्हेंबर, संध्याकाळ
हॉस्पिटल

ताई,

कालचं पत्र टाकलं नाही. माझ्या जॅकेटच्या खिशात राहिलं. त्याच कागदाच्या पाठीवर लिहितोय.

तुला फोनवर एवढंच कळलंय की योस्टला हॉस्पिटलात आणलंय आणि इशिता विमानात बसली आहे. मघाशी तू विचारलंस, 'तू तिथेच होतास ना?' मी हो म्हणालो. पुढचं आता लिहितो.

साडेतीनला वॉर्मअप चालू होता. योस्ट माझ्याकडे आला, नेहमीसारखं ते पितळी बटण माझ्या हातात दिलं आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने बंद केली. मग बाजूने उंच येणाऱ्या क्रॉसवर हेडिंग करायला गेला. चार की पाच चेंडू डोक्याने मारले. मी मोजत होतो आणि काही करत नव्हतो. दहा मिनिटांनी परत आला. चेहरा पांढरा. दोन्ही खिसे उलटे केलेले. म्हणाला, 'मामा, माझं बटण हरवलं. वडिलांचं बटण. तुम्ही पाहिलंत का?'

ते माझ्या मुठीत होतं. मी मूठ उघडून दाखवली. त्याने बटणाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, मी ते चोरलं असावं तसं.

मी डॉक्टरांकडे चालत गेलो. पळालो नाही, पळालो असतो तर वाटेत थांबलो असतो. सगळ्यांसमोर सांगितलं की याचे फेब्रुवारीचे मार्क खोटे आहेत, कसे पाडायचे ते मी शिकवलं, कालची टेस्ट काही कामाची नाही. त्या म्हणाल्या, 'व्हॉट डिड यू से?' मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही.

त्यांनी त्याला तिथेच थांबवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. बूट सोडायला बाकावर बसला, एक नाडी सुटली, दुसरी हातात धरून तसाच राहिला, आणि मग ओकला. अँब्युलन्समध्ये मी त्याच्याबरोबर होतो.

मेंदूत रक्त साकळलंय. थोडंसं, असं इथले डॉक्टर म्हणतात, आणि पुढचे चोवीस तास बघायचे. वाढलं तर ऑपरेशन. मैदानावर आणखी एक धक्का बसला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. तो पुन्हा खेळणार नाही हेही सांगितलं. डिसेंबरमधल्या लग्नापर्यंत त्याला किती आठवायला लागेल, हे मी विचारलं. त्यावर त्यांनी पुढच्या स्कॅनची वेळ सांगितली.

इशिताचं विमान नऊला उतरेल. आली की तिला हे सगळं मी सांगणार आहे, इंग्रजीत, तिला एकेक शब्द कळेल असं. तू मला कागदावर मराठीत लिहायला सांगितलंस, आणि मला तिच्यापासून लपायला चांगली जागा मिळाली. तिने मला नंतर कधी मामा म्हटलं नाही तरी ते बरोबरच असेल. तूही माझ्या दहाव्याला येऊ नकोस. पण आज तू इकडे ये. तिला तू लागशील.

मी पलंगाशेजारी बसलोय. तो जागा आहे. थोड्या थोड्या वेळाने माझ्याकडे वळून विचारतो, 'मामा, स्कोअर काय झाला?' मी म्हणतो, तू खेळला नाहीस. तो विचारतो, का. मी सांगतो की फेब्रुवारीत मी तुला टेस्टमध्ये फसवायला शिकवलं, त्याने तुझ्या डोक्याला इजा झाली, म्हणून आज मी डॉक्टरांना सांगितलं. तो ऐकतो. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतो. तोंड भिंतीकडे करतो आणि म्हणतो, 'पण माझी अजून खूप वर्षं शिल्लक होती.' मग काही मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावरून ते सगळं हळूहळू निघून जातं.

आतापर्यंत सहा वेळा सांगितलं. नर्स म्हणाली, नका सांगू, नुसतं 'जिंकलो' म्हणा, त्याला काय कळणार आहे. पण ताई, ठणठणीत म्हणायचं ते मी एकदा म्हणून बसलोय.

तो परत माझ्याकडे वळलाय. थांबतो इथेच, त्याला सांगायचंय.

तू चौकशीला पाठवलेला,
विनय